उलटी लागलेली केबल

"...आणि जोडणीत चूक नव्हती, तर बॅटरी फुटली कशी, उस्ताद?"

सटुप्पानं हे तिसऱ्यांदा विचारलं.

दस्तगीर उस्ताद पीरसाहेबांच्या दर्ग्यामागं, ट्रकच्या जुन्या सीटवर बसून एका भोंग्याचा पत्रा घासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"सांगा की."

"कुणाला विचारतोस?"

"तुम्हालाच."

"मला वाटलं, स्वतःला."

 सटुप्पानं दोन्ही हात काखेत दाबून धरले. ते थरथरतात हे उस्तादांना दिसू नये म्हणून. उस्तादांना ते केव्हाच दिसलं होतं.

सटुप्पा गावडे चौतीस वर्षांचा. सोळाव्या वर्षी याच सीटसमोर मांडी घालून तो वायर सोलायला शिकला. दोन वर्षांनी पुण्याला गेला आणि गाडीची बॅटरी चार्ज करणारे अल्टरनेटर बनवणाऱ्या कारखान्यात पंधरा वर्षं राहिला. मागच्या शिमग्याला गावी परतला आणि फाट्यावर गॅरेज टाकलं. त्या दिवशी चारचौघांत तो म्हणाला होता, "उस्तादांकडं अंदाज होता. माझ्याकडं मीटर आहे."

लोक हसले होते. उस्तादही हसले होते, आणि पेढा घेऊन निघून गेले होते.

आता त्या गॅरेजचं शटर नऊ दिवस बंद होतं.

परसूमामा दळवींचा ट्रॅक्टर पंचक्रोशीत सगळ्यात जुना. सहा व्होल्टचा डायनामो, पिवळट पडलेला दिवा. थंडीत स्टार्टर असा कण्हायचा की शेजारची माणसं हसायची. सटुप्पानंच त्यांना गळ घातली. "मामा, सहाचे बारा करून देतो. बटण दाबलं की गाडी चालू."

त्यानं डायनामो काढला. पट्टी ठोकून अल्टरनेटर बसवला. कॉइल बदलली, बल्ब बदलले, बारा व्होल्टची नवी बॅटरी ठेवली. बटण दाबताच ट्रॅक्टर धडधडला, तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या परसूमामांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

पाचव्या दिवशी सकाळी अल्टरनेटर जळाला आणि ती बॅटरी त्यांच्या तोंडासमोर फुटली.

बॅटरीतलं तेजाब, ॲसिड, डोळ्यांत गेलं. सून सुगंधा धावली, रांजणातलं पाणी तिनं त्यांच्या तोंडावर ओतलं ते ओतलंच. उजवा डोळा त्या पाण्यानं वाचला, असं डॉक्टर म्हणाले. डाव्याबद्दल ते काहीच म्हणाले नाहीत.

"सहाचे बारा करायला गेला," गावात कुणीतरी म्हणालं, "आणि म्हाताऱ्याचेच बारा वाजवले."

ते सटुप्पाच्या कानावर आलं. तेव्हापासून घरात कुकरची शिट्टी झाली तरी तो दचकून उभा राहायचा. रस्त्यावर मोटारसायकल थांबली की वाटायचं, मामांची माणसं आली. एकदा शेजाऱ्यानं स्कूटरची बॅटरी सैल झालीय, जरा बघ म्हणून हाक मारली. सटुप्पा पान्हा घेऊन वाकला आणि तसाच वाकून राहिला. हात पुढं जाईनात. शेवटी पोटात कळ आल्याचं सांगून तो घरात गेला आणि दाराला आतून कडी लावून बसला.

दवाखान्यात तो गेलाच नाही.

"मी सगळं तपासलं होतं," तो आता उस्तादांना म्हणाला. "मीटरनं. दोन-दोनदा."

उस्तादांनी भोंगा खाली ठेवला.

"चल."

"कुठं?"

"तपासू."

"तिथं?... मामांच्या घरी?"

उस्ताद उठले. सीटमागून त्यांनी एक बॅटरी उचलली, गोणपाटात गुंडाळली आणि त्याच्या हातात दिली. सटुप्पानं ती अंगापासून लांब, हात ताठ करून धरली. गरम भांडं धरावं तशी.

दळवींच्या अंगणात ट्रॅक्टर होता तिथंच उभा होता. बॅटरीचा खोका फुटलेला, बाजूचा रंग तेजाबानं सोलून निघालेला. खालच्या मातीवर पांढरा डाग होता.

सुगंधा दारात आली. उस्तादांना तिनं नमस्कार केला. सटुप्पाकडं पाहिलंसुद्धा नाही.

"मामांना आज सोडणार आहेत," ती म्हणाली. "जीप गेलीय गडहिंग्लजला. येतील इतक्यात."

सटुप्पाला तिथून पळून जावंसं वाटलं. 

उस्तादांनी चष्मा लावला आणि ते ट्रॅक्टरखाली वाकले.

त्यांनी बेल्ट अंगठ्यानं दाबला.

"बरोबर."

अल्टरनेटरची पट्टी हलवून पाहिली.

"बरोबर."

एकेक वायर बोटांनी शेवटपर्यंत चाचपली. कॉइल, अँपिअरचा काटा, दिव्याची वायर. प्रत्येक ठिकाणी थांबून तोच शब्द.

"बरोबर... हेही बरोबर."

हेच ऐकायला तर सटुप्पा आला होता. पण प्रत्येक 'बरोबर'नं छातीवरचं ओझं कमी होण्याऐवजी वाढत चाललं. शेवटी तो उस्तादांना थांबवून म्हणाला, "म्हणजे चूक माझी नव्हती?"

"काम झक्क केलंस," उस्ताद म्हणाले. "मला इतकं सफाईदार जमलं नसतं."

"मग?..."

"मग अल्टरनेटर का जळला?"

"उलटा करंट गेला. केबल उलटी लागली, ठिणगी पडली आणि बॅटरी फुटली." सटुप्पाचा आवाज खाली गेला. "मामांनी लावली. चोरीच्या भीतीनं ते रोज रात्री बॅटरी काढून घरात ठेवायचे. मी नको म्हणालो म्हणून चार दिवस काढली नव्हती. त्या रात्री काढली. सकाळी पुन्हा लावताना..."

"उलटी का लावली?"

"जुन्या ट्रॅक्टरला बॅटरीचा प्लस लोखंडी बॉडीला जोडलेला असतो. डायनामोच्या काळातली पद्धत. आता मायनस बॉडीला केला आहे. अल्टरनेटरला तसाच लागतो."

"हे परसूला ठाऊक होतं?"



गोठ्यात म्हैस शेपटी आपटत होती. तेवढाच आवाज.

उस्तादांनी आणलेली बॅटरी फुटक्या खोक्यात ठेवली. मग खांद्यावरचा पंचा काढला आणि सटुप्पाच्या मागं जाऊन उभे राहिले.

"उस्ताद?..."

पंचा त्याच्या डोळ्यांवर आला. मागं घट्ट गाठ बसली.

"लाव," उस्ताद म्हणाले.

"काय?"

"केबल. दोन्ही."

"डोळे बांधून? उस्ताद, काहीतरीच काय? ठिणगी पडली तर..."

"लाव."

अंधारात सटुप्पाला सगळ्यात आधी वास आला. जळलेल्या वायरचा आणि तेजाबाचा. नऊ दिवस झाले तरी तो गेलेला नव्हता. त्यानं हात पुढं केला. बोटांना पहिली केबल लागली. मग दुसरी. दोन्ही नवीन, दोन्ही एकाच जाडीच्या. त्यानंच एका बंडलातून कापल्या होत्या. टोकाचे टर्मिनलही एकसारखे, नट सैल केला की कुठंही बसणारे.

बॅटरीची टोकं चाचपली. प्लसचं टोक जरा जाड असतं. पण आता बोटं अशी कापत होती की जाड कुठलं आणि बारीक कुठलं, कळेना.

कपाळावरून घाम पंच्यात मुरला. आपला चेहरा बॅटरीच्या नेमका वर आहे, हे त्याला जाणवलं. मामांचाही असाच असणार. तो चेहरा बाजूला घेऊ लागला, पण मग हात पोचेना.

"उस्ताद, मला नाही जमणार."

उत्तर आलं नाही.

"उस्ताद?..."

ते आहेत की निघून गेले, हेही कळेना. सुगंधा बघत असेल का? त्यानं श्वास कोंडून एक केबल एका टोकावर दाबली. दुसरी दुसऱ्यावर टेकवली आणि डोळे मिटून घेतले. पंच्याच्या आतसुद्धा मिटून घेतले.

काहीच झालं नाही.

गाठ सुटली. ऊन डोळ्यांत घुसलं. सटुप्पानं खाली पाहिलं.

बॉडीची केबल प्लसवर होती.

त्यानं झटका बसल्यासारखे हात मागं ओढले. मागच्या मागं तो दोन पावलं धडपडला.

"आतलं पाणी ओतून टाकलंय," उस्ताद शांतपणे म्हणाले. "मेलेली बॅटरी आहे. परवाच काढून ठेवली होती मी, तू येशील म्हणून."



"मी... पंधरा वर्षं हेच काम करतोय, उस्ताद."

"परसू अडतीस वर्षं रोज केबल लावत होता."

सटुप्पा ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला टेकून खाली बसला. त्यानं तोंड गुडघ्यांत घातलं. सुगंधानं आतून तांब्याभर पाणी आणलं, त्याच्याजवळ ठेवलं आणि ती परत गेली. त्याला ते पाणी पिता आलं नाही.

थोड्या वेळानं तो आपणहून उठला.

गॅरेजचं शटर उघडून त्यानं सामान आणलं. नवा अल्टरनेटर बसवला. बॅटरीचा खोका ठोकून सरळ केला आणि फिरवून असा बसवला की मायनसचं टोक बॉडीच्या बोल्टशेजारी यावं. मग बॉडीची केबल हातात घेतली, मापली आणि कापली. वीतभरच ठेवली. ओढून ताणून पाहिली. ती प्लसपर्यंत काही केल्या पोचेना. पुन्हा ओढली. मग डोळे मिटून ओढली. पोचेना.

उस्ताद ओट्यावर बसून बघत होते. त्यांनी काही सुचवलं नाही, हात लावला नाही.

नवी, भरलेली बॅटरी खोक्यात बसली. आता लावायची. ही मेलेली नव्हती.

तेवढ्यात अंगणात जीप शिरली.

परसूमामा मुलाच्या खांद्याला धरून उतरले. दोन्ही डोळ्यांवर पांढरी पट्टी होती. गालावर भाजल्याचे काळे ओघळ होते. ते एवढे बारीक झाले होते की सटुप्पाला आधी वाटलं, हे दुसरंच कुणीतरी आहे.

"कोण आहे?" मामांनी विचारलं. "ट्रॅक्टरपाशी कोण आहे?"

"मी दस्तगीर."

"आणि?"

 मुलानं सटुप्पाकडं पाहिलं आणि दात आवळले. 

"मी... सटुप्पा, मामा."

सटुप्पाला वाटलं, आता शिव्या बसणार. बसाव्यात, असंही वाटलं.

"तू व्हय?" मामा म्हणाले. "बरं झालं आलास. तुझा अल्टरनेटर जाळला मी. दवाखान्यात पडल्या पडल्या तोच विचार. पोरानं एवढं चांगलं करून दिलं आणि मी म्हाताऱ्यानं वाट लावली."

"मामा..."

"उलटी लावली मीच. सवयच हाताला. सगळ्यांना तेच सांगितलंय मी, सटुप्पाला कुणी बोलायचं नाही. चूक माझी."



सटुप्पानं उस्तादांकडं पाहिलं. उस्ताद दूर कुंपणाकडं बघत होते.

गप्प बसलं तर संपलं, हे त्याला स्वच्छ दिसलं. कुणी काही विचारणार नव्हतं. शटर उद्या उघडता आलं असतं. लोक म्हणाले असते, म्हाताऱ्यानंच घोळ घातला. आणि बोललं तर... मुलाच्या मुठी वळलेल्या होत्या. सुगंधा दाराच्या चौकटीला धरून उभी होती.  

"चूक तुमची नव्हती," तो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की त्याला पुन्हा म्हणावं लागलं. "मामा, चूक तुमची नव्हती. प्लस-मायनस मी बदलले. तुम्हाला सांगितलंच नाही."

सटुप्पा एक पाऊल पुढं आला.

"विसरलो असंही नाही. मला वाटलं, यांना काय कळणार. सांगायचं कशाला. मी केलंय ना."

सुगंधाच्या तोंडून एक हुंदका निघाला. "म्हणजे सांगितलं असतं तर..." ती पुढं बोलली नाही. पदर तोंडात धरून आत गेली.

मुलगा पुढं सरसावला. मामांनी हात आडवा धरला. त्यांना दिसत नव्हतं, पण कळलं होतं.

 मामांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"आता काय केलंस?" शेवटी त्यांनी विचारलं.

"बॉडीची केबल कापून आखूड केलीय. उलटी लागूच शकत नाही."

"मला दाखव."

सटुप्पानं त्यांचा हात धरून केबलवर ठेवला. मामांनी ती चाचपली. ओढली. दुसऱ्या टोकाकडं न्यायचा प्रयत्न केला. तिथवर ती आली नाही. त्यांनी मान हलवली.

"लाव मग."

"तुम्ही आत जा, मामा."

"नाही. इथंच बसतो."

"मामा, हात जोडतो. लांब तरी बसा."

मामा ओट्यावर, उस्तादांशेजारी जाऊन बसले.

सटुप्पानं जाड काचांचा चष्मा चढवला. बॅटरीवर ओलं गोणपाट टाकलं. प्लसची केबल लावली, नट आवळला. उरली ती वीतभर केबल. ती त्यानं हातात घेतली आणि हात हवेतच राहिला. कानात त्या बॅटरीचा आवाज फुटला, त्यानं स्वतः कधी न ऐकलेला.

"उस्ताद, ही एवढी तुम्ही लावा."

"मला भीती वाटते," उस्ताद म्हणाले.

सटुप्पानं वळून पाहिलं. ही चेष्टा नव्हती. पंचावन्न वर्षं हे काम केलेला म्हातारा दोन्ही तळवे मांडीवर घट्ट दाबून बसला होता.

"तुम्हाला?"

"दर वेळी."

सटुप्पा त्यांच्याकडं बघत राहिला. मग परत वळला. केबल टोकावर टेकवली. इवलीशी ठिणगीही पडली नाही.  नट बसवला, आवळला आणि पुन्हा एकदा सगळ्यावरून हात फिरवला.

मग त्यानं बटण दाबलं.

ट्रॅक्टर धडधडला. कोंबड्या फडफडत कुंपणापर्यंत पळाल्या. अँपिअरचा काटा उजवीकडं कलला आणि स्थिर झाला. सटुप्पानं दिव्याचं बटण फिरवलं. भर उन्हातही दिव्याचा पांढरा झोत समोरच्या भिंतीवर दिसला.

"लागला का दिवा?" मामांनी ओट्यावरून ओरडून विचारलं.

"लागला, मामा."

"मोठा आहे?"

"मोठा आहे."

मामा बसल्या जागी हसले. पट्टीखालून एक ओघळ गालावर आला. तेजाबाच्या काळ्या डागावरून तो खाली उतरला. "मला कसं कळावं रं..." ते स्वतःशीच म्हणाले.

सटुप्पा ओट्यापाशी गेला. त्यानं मामांचा हात धरला, त्यांना हळूहळू अंगणातून चालवत ट्रॅक्टरच्या तोंडापाशी आणलं आणि त्यांचा तळवा दिव्याच्या काचेवर ठेवला. काच तापू लागली होती.

मामांनी हात काढला नाही. तिथंच ठेवला, बोटं पसरून.

"गरम आहे," ते म्हणाले. "चांगला गरम आहे."

ट्रॅक्टर धडधडत होता. सटुप्पाचा हात मामांच्या हातावर होता आणि तो अजून कापत होता. आता सगळ्यांना दिसेल इतका कापत होता.

मागं पावलं वाजली. उस्ताद येऊन उभे राहिले.

"उस्ताद," सटुप्पा न वळता म्हणाला, "थरथर थांबत नाही."

"...थरथरू दे. परसूचा हात सोडू नकोस."